ग्वाल्हेरचा हिवाळा टाळून कोकणात राहायला जावं का?

ताई, तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे समजण्यात काही राहिलं असेल तर लगेच कळेल. यजमान ७३ वर्षांचे, एजी ऑफिसातून (महालेखापाल कार्यालयातून) निवृत्त. बीपी जुनं, शिवाय काही वर्षांपासून सीओपीडी, म्हणजे श्वासनलिका अरुंद होऊन दम लागण्याचा फुप्फुसांचा जुनाट आजार. मागच्या दोन्ही हिवाळ्यांत दम लागून भरती करावं लागलं. तुम्ही ६८ च्या, तुम्हाला मधुमेह आणि गुडघ्यांचा त्रास. राहायला ग्वाल्हेरच्या लश्कर भागातलं जुनं दगडी घर, संडास-बाथरूम चौकापलीकडे. रत्नागिरीजवळच्या गावात दिरांचं घर रिकामं पडलंय, मुलगा पुण्यात आहे. डिसेंबर ते फेब्रुवारी कोकणात काढावेत असं तुम्हा दोघांना वाटतं, आणि नात्यातले लोक म्हणतात की या वयात घर हलवू नका.

मी ग्वाल्हेरमध्ये फिजिशियन म्हणून बरीच वर्षं प्रॅक्टिस करते. हिवाळ्यापुरती बाहेरगावी जाणारी निवृत्त जोडपी माझ्याकडे दरवर्षी जाण्याआधी येतात आणि परतल्यावरही येतात. तेव्हा माझं मत आधीच सांगते, कारणं मागून. तुमच्या बाबतीत जाणं योग्य आहे. पण मुक्काम गावातल्या घरी नको, रत्नागिरी शहरात करा. आणि इथल्या थंडीत ठरवलेली औषधं तीच्या तीच तिकडे तीन महिने घेत राहू नका. ही दुसरी गोष्ट कोणी सांगत नाही, आणि माझ्या अनुभवात त्रास होतो तो बहुतेक वेळा तिच्यामुळेच.

थंडीने म्हाताऱ्या माणसाचं नेमकं काय बिघडतं ते आधी बघू. गारठा लागला की कातडीखालच्या रक्तवाहिन्या आकसतात, रक्त आतल्या बाजूला ढकललं जातं, बीपी चढतं, हृदयाला जास्त जोर लावावा लागतो. वयस्कर माणसात उन्हाळ्यापेक्षा हिवाळ्यात बीपीचा वरचा आकडा ५-१० ने वाढलेला सहज दिसतो, काहींत त्याहूनही जास्त. हार्ट अटॅक आणि पक्षाघात हिवाळ्यात वाढतात, हे जगभर दिसून आलंय. फुप्फुसांचं दुखणं वेगळं. थंड हवा आत गेली की श्वासनलिका आवळतात, सर्दी-फ्लूचे विषाणू याच दिवसांत फिरतात, आणि धुकं पडलं की गाड्यांचा, कचरा जाळल्याचा, शेकोट्यांचा सगळा धूर जमिनीलगत अडकून बसतो. २०१९ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात ज्या शहरांची हवा सुधारायची म्हणून नावं आली, त्यात ग्वाल्हेर आहे. जानेवारीत सकाळी सहाला महाराज बाड्याच्या चौकात किंवा किल्ल्याच्या उतारावर फिरायला जाणाऱ्या सीओपीडीच्या पेशंटला मी म्हणूनच अडवते.

आपल्याकडे आणखी एक अडचण आहे, तिच्याकडे कोणी लक्ष देत नाही. युरोपात हिवाळ्यात नेहमीपेक्षा जे जास्त मृत्यू होतात, त्यांचं प्रमाण फिनलंडसारख्या बर्फाळ देशापेक्षा पोर्तुगालसारख्या सौम्य हवेच्या देशात जास्त आढळलं. फिनलंडमधली घरं आतून उबदार असतात, पोर्तुगालमधली नसतात. ग्वाल्हेरचंही तसंच. जानेवारीत रात्रीचं तापमान सरासरी ७ अंशांच्या आसपास असतं, लाट आली की २-३ पर्यंत उतरतं, आणि आपल्या दगडी घरांत आत-बाहेर फारसा फरक नसतो. उन्हाळ्यात ज्या भिंतींना आपण दुवा देतो, त्याच भिंती हिवाळ्यात आठ-आठ दिवस गार राहतात. रात्री तीन वाजता रजाईतून उठून उघडा चौक ओलांडून लघवीला जाणारा ७३ वर्षांचा माणूस माझ्या डोळ्यांसमोर येतो, तेव्हा मला त्या पंधरा पावलांचीच जास्त काळजी वाटते. यजमानांच्या दोन्ही भरती हिवाळ्यातल्या आहेत, म्हणून त्यांच्यासाठी हवाबदलाचा फायदा खरा आहे असं मी म्हणते. नुसतं बीपी असतं आणि गेले हिवाळे सुखात गेले असते, तर 'घरच थोडं सुधारा' एवढंच सांगितलं असतं.

आता औषधांचं. रत्नागिरीला जानेवारीत रात्री १८-२० अंश असतात आणि दुपारी ३० च्या वर पारा जातो. म्हणजे तुमच्यासाठी तो ग्वाल्हेरचा मार्च संपता संपताचा काळ झाला. इथे नोव्हेंबर-डिसेंबरात बीपी चढलं म्हणून डॉक्टर गोळी वाढवतात, नाहीतर एखादी नवी जोडतात. ते बरोबरच असतं. पण तीच गोळी घेऊन माणूस गाडीत बसतो आणि दीड दिवसात उबदार हवेत उतरतो. तिथे रक्तवाहिन्या सैलावतात, घाम येतो, घामातून पाणी आणि मीठ जातं, बीपी आपोआप उतरतं. वर गोळीचा जोर कायम. लश्करातल्याच एका जोडप्याचं सांगते. गृहस्थ सत्तरीचे, गोव्याला एक हिवाळा काढायला गेले. पहिले दहा-बारा दिवस झकास. मग सकाळी उठल्यावर डोळ्यांपुढे अंधारी यायला लागली. घरच्यांना वाटलं, पित्त झालं असेल, फणसाची भाजी बाधली असेल. एका सकाळी तुळशीला पाणी घालायला वाकले, सरळ उभे राहताना तोल गेला आणि वृंदावनाच्या कट्ट्यावर कपाळ आपटलं. दवाखान्यात बीपी ९६ भरलं, रक्तातलं सोडियम कमी. डोक्याला टाके पडले. खुब्याचं हाड मोडलं नाही ही नशिबाची गोष्ट. त्यांच्या गोळ्यांत लघवी वाढवणारं एक औषध होतं, ते इथल्या थंडीत चालून जात होतं.

म्हणून यजमानांच्या चिठ्ठीवर काय काय आहे ते निघण्याआधी तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांपुढे बसून बघा. लघवी वाढवणारी बीपीची गोळी, म्हणजे हायड्रोक्लोरोथायाझाइड किंवा क्लोरथॅलिडोनसारखं काही आहे का? ही औषधं बरेचदा दुसऱ्या गोळीत मिसळलेली असतात, नावावरून कळत नाही. पाकिटामागचा मजकूर वाचावा लागतो. प्रोस्टेटसाठी टॅमसुलोसिन चालू असेल तर त्यानेही उभं राहताना बीपी पडतं. अ‍ॅम्लोडिपिन ही बीपीची गोळी असेल तर उबेत घोट्यांना सूज वाढू शकते, आणि ती सूज बघून तिकडचा कोणी नवा डॉक्टर पुन्हा लघवीची गोळी देऊन बसतो. हे साखळीसारखं एकातून एक होत जातं. यातलं काहीही स्वतःहून बंद करू नका, कमीही करू नका. डॉक्टरांना एवढंच विचारा: 'तिकडे बीपी उतरलं तर आधी कोणती गोळी कमी करायची, आणि किती आकड्याला?' ते उत्तर चिठ्ठीवर लिहून घ्या. हा एक कागद बरोबर असला की निम्मी काळजी मिटते.

तिकडे पोहोचल्यावर पहिले दोन-तीन आठवडे रोज बीपी मोजा. दंडावर पट्टा बांधायचं मशीन घ्या, मनगटाचं नको. सकाळी गोळी घेण्याआधी, लघवीला जाऊन आल्यावर पाच मिनिटं शांत बसून एकदा मोजा. मग उभं राहून एक मिनिटाने आणि तीन मिनिटांनी पुन्हा. बसल्यापेक्षा उभ्याने वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने उतरत असेल, तर चक्कर येत नसली तरी डॉक्टरांना फोन करा. रक्तातलं सोडियम, पोटॅशियम आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारी तपासणी) निघण्याआधी एकदा तपासा, आणि तिकडे दोन-तीन आठवडे झाले की परत. सोडियम उतरल्याची खूण अशी, की माणूस मलूल होतो, चालताना डगमगतो, बोलण्यात विसंगती यायला लागते. घरच्यांना वाटतं, वय झालंय. अशा वेळी वयाला दोष देण्याआधी रक्त तपासा.

आता जागेचा प्रश्न. तुम्ही लिहिलंत की गावातलं घर आयतं आहे, भाडं लागणार नाही, शांतता आहे. ते सगळं खरं. पण हार्ट अटॅक आला तर अँजिओप्लास्टी, म्हणजे हृदयाची बंद पडलेली रक्तवाहिनी फुग्याने उघडणं, दोन तासांच्या आत व्हायला हवी, आणि तेवढ्या वेळात ती सोय गाठता येणार नसेल तर गुठळी विरघळवणारं इंजेक्शन जवळच्या दवाखान्यात लगेच द्यावं लागतं. पक्षाघातात गुठळीचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आतच देता येतं, आणि त्याआधी सीटी स्कॅन व्हावा लागतो. कोकणातला वळणाचा रस्ता, रात्रीची वेळ, गावात वाहन मिळेपर्यंतचा वेळ, हे सगळं त्याच वेळातून वजा होतं. सीओपीडीच्या माणसाचा दम वाढला की ऑक्सिजन आणि नेब्युलायझर (औषधाची वाफ देणारं मशीन) काही मिनिटांत मिळालेला बरा. रत्नागिरी शहरात जिल्हा रुग्णालय आहे, त्याला जोडून आता सरकारी मेडिकल कॉलेज आहे, खासगी दवाखानेही आहेत. म्हणून शहरात दवाखान्यापासून रिक्षाने दहा-पंधरा मिनिटांवर तळमजल्याची दोन खोल्यांची जागा तीन महिन्यांसाठी घ्या. गावच्या घरी अधूनमधून दिवसभराला जाऊन या, जेवा, वाडीत बसा, संध्याकाळी परत या. पोहोचल्यावर पहिल्याच आठवड्यात, काहीही होत नसताना, तिथल्या एका फिजिशियनला दाखवून घ्या आणि तुमची फाइल त्यांच्या नजरेखालून घाला. पुढे कधी मध्यरात्री जायची वेळ आली तर तुम्हाला ओळखणारं कोणी असेल.

गावच्या घराबद्दल मला आणखीही शंका आहेत. बंद घरात पावसाळाभर ओल साचते, गाद्या-उशांना बुरशी येते. सीओपीडी असलेला माणूस अशा खोलीत दोन रात्री झोपला की खोकला सुरू. अंघोळीचं पाणी न्हाणीघराच्या चुलीवर लाकडं घालून तापवायची पद्धत अजून पुष्कळ घरांत आहे. तो धूर त्यांच्या छातीला ग्वाल्हेरच्या धुक्याइतकाच वाईट. डिसेंबर-जानेवारीत आंब्याला मोहोर येतो आणि बागांत औषधांची फवारणी चालते. घर बागेला लागून असेल तर फवारणीच्या दिवशी खिडक्या बंद करून आत बसावं लागतं, दुपारपर्यंत बाहेर पडायचं नाही. फेब्रुवारीपासून शेतांत भाजवळीचा, म्हणजे पालापाचोळा घालून जमीन भाजण्याचा, धूर सुरू होतो. जांभ्याच्या पायऱ्या ओबडधोबड असतात, दव पडलं की निसरड्या होतात, आणि तुमच्या गुडघ्यांना त्या रोज चढणं-उतरणं झेपणारं नाही. एवढं होऊनही तिथेच राहायचं ठरलं, तर दिवाळीलाच कोणाला तरी पाठवून घर उघडून घ्या. गाद्यांना कडक ऊन द्या, भिंती पुसून चुन्याचा हात फिरवा, न्हाणीघरात विजेचा गिझर बसवा, संडासात आणि पायऱ्यांना धरायला दांडा लावा.

काही जण सिंधुदुर्गातलं दोडामार्ग किंवा गोव्यातली सत्तरी अशी आडबाजूची जागा निवडतात. त्यांना एक सांगणं: तिथे या दिवसांत माकडतापाचे रुग्ण आढळलेले आहेत. हा रोग गोचिडीमुळे होतो. रानात, काजूच्या बागांत फिरायला जाऊ नका, आणि माकड मेलेलं दिसलं तर जवळ न जाता आरोग्य केंद्रात कळवा.

पुणं का नको, असं मुलगा विचारेल. पुण्यात जानेवारीत रात्री ११-१२ अंश असतात, काही रात्री १० च्या खालीही जातात. ग्वाल्हेरपेक्षा बरं, पण त्याला उबदार म्हणता येणार नाही. तरी फ्लॅट बंदिस्त असतो, संडास आतच असतो, दवाखाने जवळ असतात आणि मुलगा असतो. यजमानांचा दम नोव्हेंबरपर्यंत स्थिर राहिला नाही, किंवा डॉक्टरांनी घरी ऑक्सिजन लावायला सांगितलं, तर मी कोकणाचा विचार बाजूला ठेवून पुणंच सांगेन. ग्वाल्हेरच्या कितीतरी मराठी घरांची सोयरीक वडोदऱ्याला असते. तिथे रात्री १२-१३ आणि दुपारी २९-३० अंश, मोठं शहर, सपाट रस्ते. तेही वाईट नाही. हवा किती छान यापेक्षा माणसं आणि दवाखाना किती जवळ, यावर ठरवा.

ताई, तुमच्याबद्दल तुम्ही एका ओळीत लिहिलंत आणि यजमानांबद्दल अर्धं पान. म्हणून मुद्दाम थांबून लिहिते. उबेत गुडघ्यांचा सकाळचा आखडलेपणा कमी जाणवेल, चालायला हुरूप येईल. झीज भरून येणार नाही, पण तीन महिने वेदना कमी राहिल्या तरी स्नायूंचा व्यायाम होतो आणि त्याचा उपयोग पुढे वर्षभर होतो. रोज वीस-पंचवीस मिनिटं सपाट रस्त्यावर चाला, वाळूत नको. वाळूत पाय रुततो आणि गुडघा वळतो.

साखरेकडे मात्र नीट बघावं लागेल. तिकडे चालणं वाढतं, आणि उबेत इन्सुलिन कातडीखालून लवकर शोषलं जातं, त्यामुळे साखर अचानक उतरू शकते. उलट जेवणात दोन्ही वेळा भात, न्याहारीला घावन नाहीतर आंबोळ्या, पाहुणचार म्हणून नारळ-गूळ घातलेले पदार्थ, यांनी ती वाढते. म्हणजे दोन्ही बाजूंनी हलते. पहिले पंधरा दिवस उपाशीपोटी आणि रात्री झोपताना ग्लुकोमीटरवर तपासा. इन्सुलिनचं चालू पेन बाहेर राहू शकतं, बहुतेक पेनं साधारण चार आठवडे टिकतात, पण ३० अंशांच्या वर नको. दुपारी खिडकीत ठेवू नका. न उघडलेली पेनं फ्रिजच्या दारात ठेवा, बर्फाच्या खणाला लागून नकोत, गोठलेलं इन्सुलिन टाकूनच द्यावं लागतं. प्रवासात पेनं थंड पिशवीत, हाताशी.

आणि तिकडे गेल्यावर चूल तुमच्याच गळ्यात पडणार असेल, तर तो हवाबदल तुमच्यासाठी नाही. परक्या स्वयंपाकघरात, नवी बाजारपेठ शोधत, पाहुण्यांची ऊठबस करत तीन महिने काढलेल्या बायका परत येतात तेव्हा त्यांचं बीपी नवऱ्यापेक्षा जास्त निघतं. एक वेळचा डबा लावा, धुणं-भांड्यांना बाई ठेवा, आणि हा खर्च आधीच हिशेबात धरा. भाडं वाचवून गावच्या घरी राहण्यापेक्षा हे पैसे चांगल्या कारणी लागतील. त्यात काही कमीपणा नाही.

एक प्रश्न तुम्हाला विचारायचा आहे. यजमानांना विसरायला होतं का? तेच तेच विचारणं, रस्ता चुकणं, पैशांचा गोंधळ? तसं असेल तर नव्या घरात पहिले काही दिवस संध्याकाळी त्यांचा गोंधळ वाढेल, रात्री उठून बाहेर पडतील. अशा माणसाला दरवर्षी घर बदलायला लावणं मी टाळते. विसरभोळेपणा नसेल तर हा मुद्दा सोडून द्या.

निघण्याची तयारी. फ्लूची लस ऑक्टोबरच्या शेवटी किंवा नोव्हेंबरच्या सुरुवातीला दोघांनीही घ्या. तिचा परिणाम यायला साधारण दोन आठवडे लागतात. आपल्या देशात फ्लू पावसाळ्याच्या सुमारास एकदा आणि जानेवारी ते मार्चमध्ये पुन्हा एकदा वाढतो, म्हणून नवीन हिवाळ्यापूर्वी नवीन लस. न्यूमोनियाची लस झालेली आहे का ते फाइलमध्ये बघा. सीओपीडी आणि मधुमेह दोन्हींत ती हवी. यजमानांचा इन्हेलर ओढण्याची पद्धत डॉक्टरांपुढे एकदा करून दाखवायला सांगा. वर्षानुवर्षं इन्हेलर घेणारे कितीतरी लोक औषध घशातच ठेवतात, फुप्फुसापर्यंत पोहोचतच नाही. औषधं महिनाभराची जास्तीची घ्या. ब्रँडचं नाव तिकडे मिळेलच असं नाही, म्हणून चिठ्ठीवर औषधाचं मूळ नाव लिहून घ्या. शेवटचा ईसीजी, छातीचा एक्सरे आणि भरतीचे कागद मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवा, मुलाकडेही पाठवा.

पेन्शनचा हयातीचा दाखला नोव्हेंबरात द्यायचा असतो, ८० च्या पुढच्यांना १ ऑक्टोबरपासून. २०१४ पासून जीवन प्रमाण, म्हणजे हाच दाखला ऑनलाइन, आलंय, आता चेहरा दाखवून मोबाइलवरूनही होतं. तरी निघण्यापूर्वी उरकून टाका. यजमान सत्तरीच्या पुढचे आहेत, तेव्हा ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षांवरच्या सगळ्यांना मिळणारं आयुष्मान कार्ड त्यांना काढता येतं. वर्षाला पाच लाखांपर्यंतचं भरतीचं बिल त्यात येतं, ओपीडीचं येत नाही, आणि देशभरातल्या नोंदलेल्या दवाखान्यांत चालतं. सीजीएचएस (केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांची आरोग्य योजना) असेल तर दोन्हींपैकी एकच निवडावं लागतं, म्हणून घाई न करता मुलाला बरोबर घेऊन ठरवा. रत्नागिरीतला कोणता दवाखाना तुमचं कार्ड घेतो, हे जागा भाड्याने घेण्याआधीच विचारा.

प्रवास डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात करा. नंतर धुकं पडतं आणि दिल्लीकडून येणाऱ्या गाड्या तासन्‌तास रखडतात. ग्वाल्हेरच्या फलाटावर थंडीत बसून राहणं तुमच्या यजमानांना परवडणारं नाही. मंगला एक्सप्रेस ग्वाल्हेरहून थेट रत्नागिरीला जाते. गोवा एक्सप्रेस पुण्यावरून जाते, मुलाकडे उतरून दोन दिवस विश्रांती घ्यायची असेल तर ती सोयीची. दोघांनीच प्रवास करत असाल तर ज्येष्ठांच्या खालच्या बर्थच्या कोट्यातून तिकीट काढा; तिकिटातली सवलत मात्र मार्च २०२० पासून बंद आहे. आणि एक गोष्ट हक्काने सांगते. आपल्याकडच्या बायका गाडीत संडासाला जायला नको म्हणून पाणीच पीत नाहीत. मधुमेह असताना हे करू नका. दर दोन तासांनी घोट-घोट पाणी, आणि डब्यातल्या डब्यात चार पावलं. पायांत रक्त साकळू नये म्हणून हे दोघांनीही करायचं.

यंदा काही कारणाने जमलं नाही, तर इथल्या घरात एवढं करा. एक खोली हिवाळ्याची ठरवा, दक्षिणेकडे खिडकी असेल ती. दारांच्या फटी कापडाने बुजवा, फरशीवर सतरंजी घाला, पलंगाशेजारी लघवीचं भांडं ठेवा, म्हणजे चौक ओलांडायला नको. उठताना आधी दोन मिनिटं पलंगाच्या कडेला बसायचं, टोपी-मोजे घालायचे, मग पाय जमिनीवर. अंघोळ दुपारी बाराच्या सुमारास. फिरणं ऊन वर आल्यावर, दहाच्या पुढे. सिगडी मात्र बंद खोलीत कधीच नको, कोळशाची नाही, लाकडाची नाही. तिच्यातून येणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, झोपलेला माणूस झोपलेलाच राहतो. अशी कुटुंबं दर हिवाळ्यात दवाखान्यात येतात. गॅसचा गिझर बंद बाथरूममध्ये असला तरी तोच धोका. उब हवी तर तेलाचा विजेचा हीटर घ्या आणि दाराला बोटभर फट ठेवा.

नात्यातल्या लोकांचा विरोध मी हलका मानत नाही. डिसेंबरात तानसेन समारोह, मग १९०५ पासून चालत आलेला मेळा, हळदीकुंकू, तिळगूळ, लग्नसराई. ग्वाल्हेरमधले माणसांत राहण्याचे दिवस हेच. तिकडे कोणी ओळखीचं नसेल तर निवृत्त माणूस चार भिंतींत बसतो आणि दम नसला तरी खंगतो. तुमचे दीर, त्यांचे शेजारी, एखादं वाचनालय, देवळातलं कीर्तन, असं काही रोजच्या चालण्याच्या अंतरावर आहे का ते जागा घेण्याआधी बघून घ्या. यंदा पूर्ण तीन महिने न ठरवता आधी जानेवारीतल्या पंधरा दिवसांपुरतीच, तारखा पुढे-मागे करता येतील अशा बोलीवर जागा घेतलीत, तरी चालेल.

परतीची तारीख फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यातली धरा. तोवर इथली थंडी ओसरलेली असते, लू, म्हणजे उन्हाळ्यातले गरम वारे, सुरू व्हायला वेळ असतो, आणि कोकणातला उकाडा वाढायच्या आत तुम्ही निघालेल्या असता. ग्वाल्हेरला आल्यावर लगेच जुन्या डोसवर जाऊ नका. इथे तेव्हा पहाट गार आणि दुपार उन्हाची असते, बीपी दिवसात दोन रंग दाखवतं. आठवडाभर सकाळ-संध्याकाळ मोजून ती वही घेऊन डॉक्टरांकडे जा. उन्हाळ्याचा डोस त्याच भेटीत ठरेल. यजमानांच्या गोळ्यांची नावं आणि मागच्या भरतीचा डिस्चार्ज कागद पाहायला मिळाला, तर कोणत्या गोळीकडे आधी बघावं हे मी नेमकं सांगू शकेन.